सोलापूरहून तेजोमेघ आणि दीर्घिकांचे छायाचित्रण: आखणी, चित्रण आणि संस्करण

सोलापूर सुमारे १७.७ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले आहे, आणि दुर्बिणीला कॅमेरा जोडून तेजोमेघ, दीर्घिका व तारकागुच्छ यांची छायाचित्रे घेऊ इच्छिणाऱ्या येथील निरीक्षकाने सर्वांत आधी हाच आकडा मनात पक्का करावा. ध्रुवतारा आपल्याकडे क्षितिजापासून जेमतेम तेवढाच वर असतो, त्यामुळे माउंटचा, म्हणजे दुर्बीण पेलून आकाशाच्या गतीने फिरवणाऱ्या आधाराचा, अक्ष ध्रुवाकडे रोखण्याचे काम येथे अवघड होते. पण त्याच आकड्यामुळे उत्तर भारतातील निरीक्षकाला क्षितिजालगतच्या धुरक्यात शोधावे लागणारे दक्षिणेकडचे आकाश आपल्याला बऱ्यापैकी उंचावर मिळते. नरतुरंगातील ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ दिल्लीहून फार तर १४ अंश वर चढतो, सोलापुरातून मात्र जवळजवळ २५ अंश. अक्षांशाच्या जोडीला उष्मा आणि धूळ या आणखी दोन गोष्टी येथे सतत हिशेबात घ्याव्या लागतात. या विषयावरच्या बहुतेक मार्गदर्शिका थंड हवेच्या आणि उंच ध्रुवाच्या प्रदेशांत लिहिल्या गेल्या आहेत, म्हणून सोलापुरातील गच्चीवर आणि आसपासच्या माळरानावर घालवलेल्या रात्रींवरून जे हाती आले, ते येथे क्रमाने मांडत आहे.

लक्ष्य, महिना आणि दिशा

आपला जिल्हा पर्जन्यछायेत असल्यामुळे निरभ्र रात्रींची संख्या चांगली आहे. जून ते सप्टेंबर हा काळ सोडून द्यावा लागतो, ऑक्टोबरमध्ये परतीचा पाऊस कधी येईल याचा भरवसा नसतो, आणि एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर वळिवाचे ढग जमतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून मार्चअखेरपर्यंतचा काळ सर्वांत भरवशाचा. तरीही मला व्यक्तिशः सर्वांत स्वच्छ आकाश परतीच्या पावसाची एखादी जोरदार सर येऊन गेल्यानंतरच्या दोन-तीन रात्रींत दिसले आहे, कारण हवेतील सगळी धूळ तेव्हा खाली बसलेली असते.

कोणती वस्तू केव्हा घ्यावी हे ठरवताना ती याम्योत्तर वृत्त, म्हणजे माथ्यावरून जाणारी उत्तर-दक्षिण रेषा, केव्हा ओलांडते ते पाहावे, कारण त्या वेळी ती सर्वांत उंच असते आणि तिच्या प्रकाशाला वातावरणाचा सर्वांत पातळ थर ओलांडावा लागतो. येथे एक बारकावा आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आहे आणि सोलापूर ७५.९ अंशांवर आहे, म्हणून आपली स्थानिक मध्यरात्र घड्याळातल्या बारानंतर सुमारे २६ मिनिटांनी होते. देवयानी दीर्घिका ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, मृगातील तेजोमेघ डिसेंबरच्या मध्यास, आणि श्यामशबलातील एम ५१ ही भोवऱ्यासारखी दीर्घिका व ओमेगा सेंटॉरी हे दोन्ही एप्रिलच्या मध्यास या स्थानिक मध्यरात्री माथ्यावरच्या रेषेत येतात. धनू राशीतील लगून तेजोमेघाची मध्यरात्र ऐन पावसाळ्यात येते. म्हणून तो मार्च-एप्रिलमध्ये पहाटेच्या अंधारात घ्यावा, त्याला दुसरा उपाय नाही.

ओमेगा सेंटॉरी २० अंशांच्या वर साधारण पावणेचार तासच राहतो, तेव्हा त्या रात्री दुसरे कोणतेही लक्ष्य हाती घेऊ नये. एका रात्रीत चार-पाच वस्तू टिपण्याचा मोह नवख्या माणसाला होतोच, आणि त्यातून चार-पाच अर्धवट चित्रे मिळतात. एक रात्र एका लक्ष्याला द्यावी, जमल्यास तीन रात्री द्याव्यात.

चंद्राचा हिशेब साध्या दिनदर्शिकेवरून करता येतो. अमावास्येच्या आधीचे आणि नंतरचे चार-पाच दिवस पूर्ण रात्रीच्या चित्रणासाठी राखावेत. कृष्ण अष्टमीच्या सुमारास चंद्र मध्यरात्री उगवतो, म्हणजे पूर्वरात्र मोकळी मिळते, आणि शुक्ल अष्टमीला याच्या उलट उत्तररात्र मिळते. सूर्य मावळल्यावर लगेच आकाश पुरेसे काळे होत नाही. सूर्य क्षितिजाखाली १८ अंश जाण्यास आपल्याकडे साधारण सव्वा तास लागतो, आणि तो वेळ साहित्य मांडण्यात खर्च करावा.

जागा निवडताना शहराच्या उजेडाचा घुमट कोणत्या बाजूला येईल याचा विचार बहुतेक जण विसरतात. केवळ शहरापासून दूर जाणे पुरेसे नसते. लक्ष्य ज्या दिशेला आहे त्याच दिशेला शहराबाहेर पडावे, म्हणजे सोलापूरचे दिवे पाठीमागे राहतात. ओमेगा सेंटॉरी किंवा लगून घ्यायचा असेल तर विजापूर रस्त्याने मंद्रूपच्या पुढे जावे, आणि देवयानी किंवा एम ५१ घ्यायची असेल तर उत्तरेला बार्शी किंवा तुळजापूरच्या बाजूला जावे. नान्नजचे माळरान अंधारासाठी मोहात पाडणारे आहे, पण तो माळढोकाच्या अभयारण्याचा प्रदेश आहे; रात्री तेथे शिरू नये, त्याच्या हद्दीबाहेर ओळखीच्या शेतकऱ्याच्या रानात परवानगी घेऊन बसावे. गावच्या पोलीस पाटलांना आधी कळवून ठेवले तर रात्री लाल दिवे आणि नळकांडे घेऊन बसलेल्या अनोळखी माणसांविषयी कोणाला शंका येत नाही. आणखी एक सूचना फक्त आपल्या जिल्ह्यापुरती: सप्टेंबरमध्ये पाहून ठेवलेली अंधारी जागा डिसेंबरमध्ये तशीच असेल असे गृहीत धरू नये. गळीत हंगाम सुरू झाला की साखर कारखान्यांचे दिवे रात्रभर तळपतात, ऊस वाहणाऱ्या ट्रॅक्टरांचे झोत रस्त्यावरून फिरत राहतात आणि तोडणी झालेल्या फडांतील पाचट पेटवल्यावर धूर व राख कोसभर पसरते. उसाच्या भिजलेल्या रानाशेजारी दवही लवकर पडते. कोरडवाहू ज्वारीच्या पट्ट्यातील उंचवटा या सर्व दृष्टींनी बरा.

साहित्याविषयी मोजकेच

पैसे मर्यादित असतील तर ते प्रथम माउंटवर खर्च करावेत, नंतर कॅमेऱ्यावर, आणि सर्वांत शेवटी दुर्बिणीच्या व्यासावर. आकाश दर सेकंदाला सुमारे १५ विकला (अंशाचा साठावा भाग म्हणजे कला आणि कलेचा साठावा भाग म्हणजे विकला) सरकते, म्हणजे एका मिनिटात पौर्णिमेच्या चंद्राच्या निम्म्या रुंदीएवढे. ही हालचाल तंतोतंत रद्द करणारे विषुववृत्तीय माउंट नसेल तर उत्तम भिंगही निरुपयोगी ठरते. उत्पादकाने सांगितलेल्या भारक्षमतेच्या निम्म्याहून थोडेच अधिक वजन त्यावर ठेवावे, विशेषतः उन्हाळ्यात माळावर वारा असतो तेव्हा.

दुर्बीण आणि कॅमेरा एकमेकांना साजेसे आहेत का, हे एका गुणाकाराने कळते. पिक्सेलचा आकार मायक्रॉनमध्ये घ्यावा, त्याला २०६ ने गुणावे आणि दुर्बिणीच्या मिलिमीटरमधील नाभीय अंतराने (फोकल लेंग्थने) भागावे. येणारा आकडा म्हणजे एका पिक्सेलवर पडणाऱ्या आकाशाची रुंदी, विकलांमध्ये. मी वापरतो ती ८० मिलिमीटर व्यासाची अपवर्तक दुर्बीण रेड्यूसर या नाभीय अंतर कमी करणाऱ्या भिंगासह ४०० मिलिमीटर नाभीय अंतराची होते आणि कॅमेऱ्याचा पिक्सेल ३.७६ मायक्रॉनचा आहे, म्हणून उत्तर १.९४ विकला येते. हवेच्या थरथरीमुळे तारा दोन-तीन विकला फुगलेला दिसतोच, तेव्हा दीड ते अडीच विकलांच्या दरम्यानचे प्रमाण सुरुवातीला योग्य आहे. सेन्सर चौरस आणि ३००८ पिक्सेल रुंदीचा असल्यामुळे सुमारे १.६ अंशांचे आकाश त्यात मावते. मृगातील तेजोमेघ त्यात सुखाने बसतो. तीन अंश लांबीची देवयानी बसत नाही, तिच्यासाठी शेजारशेजारचे तुकडे घेऊन जोडावे लागतात. आणि ११ कला रुंदीची एम ५१ चौकटीच्या मध्यभागी साडेतीनशे पिक्सेलची दिसते. आपल्या चौकटीला शोभेल अशी वस्तू निवडणे हे नवीन दुर्बीण घेण्यापेक्षा स्वस्त आहे.

कॅमेरा शीतकरण असलेला घ्यावा, असे मी आपल्या हवामानाकडे पाहून आग्रहाने सांगेन. सेन्सरमध्ये उष्णतेमुळे आपोआप साठणारा विद्युतभार तापमान साधारण सहा-सात अंशांनी वाढले की दुप्पट होतो. थंड प्रदेशात डीएसएलआर कॅमेऱ्याने उत्तम चित्रे मिळतात. एप्रिलमध्ये आपल्याकडे रात्री नऊ वाजता हवा ३३ अंशांची असते आणि सलग चित्रणाने कॅमेऱ्याचे अंग त्याहूनही तापते, तेव्हा तोच डीएसएलआर लाल-निळ्या ठिपक्यांनी भरलेली चित्रे देतो. डिसेंबर-जानेवारीत मात्र त्याच्यावर निर्धास्त शिकावे.

शहरातील गच्चीवरून चित्रण करायचे असेल तर दुहेरी अरुंदपट्टी फिल्टर खरोखर उपयोगी पडतो. तो हायड्रोजनचा ६५६.३ नॅनोमीटरचा लाल आणि ऑक्सिजनचा ५००.७ नॅनोमीटरचा हिरवट-निळा प्रकाश जाऊ देतो व रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांचा बहुतेक उजेड अडवतो. मृगाच्या पूर्वेला असलेला रोझेट तेजोमेघ अशा फिल्टरने शहरातूनही चांगला मिळतो, शिवाय तो आपल्या माथ्याजवळून जातो. हा फिल्टर केवळ स्वतः प्रकाश देणाऱ्या वायूच्या मेघांसाठी आहे. दीर्घिका, तारकागुच्छ आणि कृत्तिकेभोवतीची निळी झाक यांचा प्रकाश सर्व रंगांत पसरलेला असतो, म्हणून त्यांच्यासाठी फिल्टर काढून शहराबाहेरच जावे लागते.

रानात वीज नसते. माउंट, कॅमेऱ्याचे शीतकरण, भिंगावर दव बसू न देणारा दव-पट्टा आणि छोटा संगणक मिळून १२ व्होल्टवर पाच-सहा अँपिअर ओढतात. सहा तासांसाठी ३६ अँपिअर-तास लागतात, म्हणून ५० अँपिअर-तासांची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळ ठेवावी. अंधारात रानात वावरायचे असल्यामुळे पायात बंद बूट असावेत.

ध्रुव साधणे

आपल्याकडे ध्रुव इतका खाली आहे, की ३० मीटरवर उभी असलेली, आपल्या गच्चीपेक्षा १० मीटर उंच इमारत त्याला पूर्ण झाकते. शहरातील बहुतेक गच्च्यांवर हीच अडचण येते. माळावर तो दिसतो, पण क्षितिजाजवळच्या धुळीत इतका मंद, की ध्रुवदर्शक नळीतून त्याच्याविषयी खात्री वाटत नाही. काही माउंट १८ अंशांपर्यंत खाली झुकवताना प्रतिभाराचा, म्हणजे दुर्बिणीला तोलून धरणाऱ्या वजनाचा, दांडा ट्रायपॉडच्या पायावर आदळतो. खरेदीपूर्वी अक्षांशाची खालची मर्यादा अवश्य विचारावी, आणि दांडा दोन पायांच्या मधल्या जागेत येईल असा ट्रायपॉड मांडून पाहावा.

ध्रुवतारा दिसत नसेल तर नीना या विनामूल्य संगणक-प्रणालीतील तीन बिंदूंची पद्धत वापरावी. दुर्बीण आकाशाच्या कोणत्याही मोकळ्या भागाकडे रोखून, उजव्या आरोहणाच्या, म्हणजे ध्रुवाकडे रोखायच्या, अक्षाभोवती थोडी-थोडी फिरवत तीन छायाचित्रे घेतली जातात. प्रत्येकातील ताऱ्यांची रचना तारासूचीशी ताडून अक्ष नेमका कोठे रोखलेला आहे हे संगणक काढतो आणि दोन्ही स्क्रू किती फिरवायचे ते दाखवत राहतो. यासाठी उत्तर दिशा मोकळी असण्याची गरज नाही. गच्चीवरील माझे निम्मे काम या पद्धतीमुळे शक्य झाले, आणि ती हाती येण्यापूर्वी उत्तरेकडच्या उंच इमारतीमुळे एक संपूर्ण हिवाळा मी गच्चीचा वापरच केला नव्हता.

किती अचूकता हवी याचा अंदाज असावा. अक्ष ध्रुवापासून ५ कला चुकला असेल तर पाच मिनिटांच्या एक्स्पोजरमध्ये तारा जास्तीत जास्त साडेसहा विकला वाहतो, म्हणजे माझ्या प्रमाणात तीन पिक्सेलांहून अधिक. चूक एका कलेवर आणली की हेच वाहणे पिक्सेलच्या आत येते आणि उरलेली चूक गाइडिंग, म्हणजे एका ताऱ्यावर नजर ठेवून माउंटला सतत केलेली दुरुस्ती, सहज भरून काढते. त्याहून अधिक अचूकतेच्या मागे लागून रात्र दवडू नये.

फोकस आणि गाइडिंग

फोकससाठी बाहतिनोव्ह मास्क, म्हणजे दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची जाळी, हा सर्वांत साधा आणि सर्वांत विश्वासाचा मार्ग आहे. ठळक ताऱ्यावर दुर्बीण रोखून मास्क लावला की तीन रेषा दिसतात. मधली रेषा उरलेल्या दोन रेषांच्या छेदाच्या बरोबर मध्यातून गेली पाहिजे. मास्क काढायला विसरू नये. आपल्याकडे दिवस आणि रात्र यांच्या तापमानांत मोठा फरक पडतो, धातूची नळी आकसते आणि संध्याकाळी नेमका लावलेला फोकस मध्यरात्री ढळलेला असतो. दुर्बीण सूर्यास्ताच्या वेळीच उघड्यावर ठेवावी आणि तापमान दोन-तीन अंशांनी उतरले की फोकस पुन्हा तपासावा.

गाइडिंगसाठी छोटी गाइड-दुर्बीण आणि पीएचडी टू ही प्रणाली पुरेशी आहे. तिचे कॅलिब्रेशन खगोलीय विषुववृत्ताजवळ आणि याम्योत्तर वृत्ताच्या आसपास करावे, मगच लक्ष्याकडे वळावे. एकूण चूक एका विकलेच्या आसपास राहिली तर ४०० मिलिमीटरच्या दुर्बिणीसाठी चिंता करण्याचे कारण नाही. आलेखाकडे पाहत बसून दर दोन मिनिटांनी मांडणी बदलण्याची सवय मात्र घातक आहे. अनेकदा दोष मांडणीत नसतो, लोंबणाऱ्या केबलमध्ये असतो. सर्व केबल एकत्र बांधाव्यात. वस्तू याम्योत्तर वृत्त ओलांडते तेव्हा दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवावी लागते. त्या वेळी जागे राहून केबल अडकत नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे.

एक्स्पोजर

अमेरिकी हौशी खगोलशास्त्रज्ञ हेन्री ड्रेपर यांनी ३० सप्टेंबर १८८० रोजी मृगातील तेजोमेघाचे पहिले छायाचित्र घेतले, तेव्हा त्यांना ५१ मिनिटांचे एकच एक्स्पोजर द्यावे लागले. आज आपण तेवढाच किंवा त्याहून कितीतरी अधिक प्रकाश लहान-लहान तुकड्यांत गोळा करतो आणि संगणकावर एकत्र करतो. या तुकड्यांची सरासरी काढली की खरा प्रकाश तसाच राहतो आणि यादृच्छिक नॉइज (चित्रातील खरखर) तुकड्यांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो. शंभर फ्रेम, म्हणजे असे शंभर तुकडे, एकत्र केल्यास चित्र एका फ्रेमपेक्षा दहापट स्वच्छ होते. आणि एका तासाच्या चित्राहून दुप्पट स्वच्छ चित्र हवे असेल तर दोन तास पुरत नाहीत, चार तास लागतात. हे गणित नीट पटले, की एका रात्रीला एकच लक्ष्य का, याचे उत्तर मिळते.

एका तुकड्याची लांबी किती असावी, हे आकाश किती उजळ आहे त्यावर ठरते. सेन्सर वाचताना जो ठरावीक नॉइज शिरतो तो आकाशाच्या पार्श्वभूमीच्या नॉइजमध्ये बुडून जावा, एवढे लांब एक्स्पोजर पुरेसे. त्यापुढे लांबवून लाभ होत नाही, उलट ताऱ्यांचे रंग जळतात आणि वाऱ्याच्या एका झुळकीने मोठा तुकडा वाया जातो. व्यवहारात आकाशाची पार्श्वभूमी वाचन-नॉइजच्या वर्गाच्या दहापट झाली म्हणजे पुरे. माझ्या कॅमेऱ्याचा गेन (संकेत वाढवण्याचे प्रमाण) १०० ठेवला की वाचन-नॉइज सुमारे दीड इलेक्ट्रॉन असतो, त्याचा वर्ग सव्वादोन, आणि दहापट म्हणजे अवघे बावीस-तेवीस इलेक्ट्रॉन. शहरात फिल्टरशिवाय हे ३० सेकंदांतच साधते, माळावर ६० ते १२० सेकंद लागतात, आणि अरुंदपट्टी फिल्टर लावला की ३०० सेकंदांपर्यंत जावे लागते. कॅमेऱ्यावरील हिस्टोग्रामचा, म्हणजे काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत कोणत्या उजेडाचे किती पिक्सेल आहेत हे दाखवणाऱ्या आलेखाचा, डोंगर डाव्या कडेपासून स्पष्ट सुटलेला दिसला, की एक्स्पोजर पुरेसे आहे असे समजावे.

मृगाचा तेजोमेघ याला अपवाद आहे. त्याच्या गाभ्यातील चार ताऱ्यांचा परिसर इतका तेजस्वी आहे, की मिनिटभराच्या फ्रेममध्ये तो पांढरा फटफटीत होतो. म्हणून मुख्य चित्रणाशिवाय पाच ते दहा सेकंदांच्या तीस-चाळीस फ्रेम वेगळ्या घ्याव्यात. त्यांचा उपयोग पुढे सांगितला आहे.

दर दोन-तीन फ्रेमनंतर दुर्बीण काही पिक्सेल इकडेतिकडे सरकवण्याची सोय प्रत्येक चित्रण-प्रणालीत असते, तिला डिथरिंग म्हणतात. ती कधीही बंद ठेवू नये. तापलेल्या सेन्सरवरचे ठिपके प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी असतात. दुर्बीण सरकवली नाही तर ते एकत्रीकरणानंतर पावसाच्या सरींसारख्या तिरप्या रेघा काढतात आणि त्या रेघा नंतर कोणत्याही युक्तीने पूर्ण जात नाहीत.

कॅलिब्रेशन फ्रेम: उष्म्याचा आणि धुळीचा हिशेब

मूळ चित्रांतील दोष काढण्यासाठी वेगळ्या घेतलेल्या फ्रेमना कॅलिब्रेशन फ्रेम म्हणतात, आणि सोलापुरातील चित्रणाचे यश मला येथे ठरताना दिसते. डार्क फ्रेम म्हणजे दुर्बिणीचे तोंड पूर्ण झाकून, त्याच तापमानाला, त्याच गेनवर आणि तेवढ्याच लांबीने घेतलेली फ्रेम. तिच्यात केवळ सेन्सरच्या उष्णतेचा ठसा असतो आणि तो मूळ चित्रातून वजा करता येतो. शीतकरण असलेल्या कॅमेऱ्याच्या डार्क फ्रेम एकदा घेऊन महिनोन्‌महिने वापरता येतात, पण तापमान कोणते निवडावे याचा विचार आपल्याकडे करावाच लागतो. असे कॅमेरे बाहेरच्या हवेपेक्षा साधारण ३५ अंशांनी खाली जाऊ शकतात. एप्रिलमध्ये ३३ अंशांच्या हवेत उणे १० मागितले तर कॅमेरा पूर्ण शक्ती लावूनही तेथे पोहोचणार नाही, तापमान रात्रभर हलत राहील आणि कोणतीच डार्क फ्रेम जुळणार नाही. म्हणून मी दोन संच ठेवतो: नोव्हेंबर ते फेब्रुवारीसाठी उणे १० अंशांचा आणि मार्च ते मेसाठी शून्य अंशाचा. प्रत्येक संचात प्रत्येक लांबीच्या तीस ते पन्नास फ्रेम असतात. डार्क फ्रेम घेताना झाकणाच्या फटीतून उजेड शिरू नये म्हणून कॅमेरा घरात काळोखात ठेवून वर जाड सोलापुरी चादर दुहेरी गुंडाळावी. परावर्तक दुर्बिणीच्या मागच्या बाजूने शिरणारा उजेडही ती चांगली अडवते.

फ्लॅट फ्रेम धुळीसाठी असते. सेन्सरच्या काचेवर किंवा फिल्टरवर बसलेला धुळीचा कण चित्रात कड्यासारखी छाया पाडतो, आणि आपल्याकडे उन्हाळ्यात अशा छाया रात्रीगणिक वाढतात. दुर्बिणीच्या तोंडावर धुतलेले पांढरे सुती कापड दुपदरी, सुरकुती न पडता ताणून बांधावे, पहाटे आकाश उजळल्यावर ती माथ्याकडे रोखावी आणि हिस्टोग्राम मध्याच्या जवळ येईल अशा लांबीच्या पंचवीस-तीस फ्रेम घ्याव्यात. लगेच तोंड झाकून तेवढ्याच लांबीच्या डार्क-फ्लॅट फ्रेमही घ्याव्यात. या सर्व वेळात कॅमेरा फिरवू नये आणि फोकसला हात लावू नये. एकदा मंद्रूपच्या पुढे दोन रात्री लगून टिपल्यावर मी साहित्य आवरण्याच्या गडबडीत कॅमेरा आधी काढला आणि फ्लॅट फ्रेम घरी येऊन, तो पुन्हा बसवून घेतल्या. धुळीच्या छाया किंचित सरकलेल्या होत्या. दुरुस्तीनंतर प्रत्येक कण दोनदा दिसू लागला, एकदा काळा आणि एकदा पांढरा. त्या दोन रात्रींचे चित्र आजही अपुरे आहे. तेव्हापासून फ्लॅट फ्रेम झाल्याशिवाय मी एकही स्क्रू सैल करत नाही.

संगणकावरील संस्करण

सिरिल ही विनामूल्य प्रणाली या संपूर्ण कामासाठी पुरेशी आहे, आणि नवख्याने सुरुवातीला तिच्याबाहेर जाऊ नये. एका मुख्य फोल्डरमध्ये लाइट्स, डार्क्स, फ्लॅट्स आणि बायसेस अशा नावांचे चार फोल्डर इंग्रजी अक्षरांत करावेत व फ्रेम त्यांत ठेवाव्यात. डार्क-फ्लॅट फ्रेम बायसेसच्या फोल्डरमध्ये टाकल्या तरी चालतात, कारण त्या फक्त फ्लॅट फ्रेममधून वजा होतात. रंगीत कॅमेऱ्यासाठीची तयार स्क्रिप्ट चालवली की डार्क वजा करणे, फ्लॅटने भागणे, रंग उलगडणे, ताऱ्यांवरून फ्रेम जुळवणे आणि त्यांचे एकत्रीकरण हे सर्व क्रमाने होते.

तरीही एकदा पद्धत कळल्यावर मधला एक टप्पा हाताने करावा, आणि तो म्हणजे निवड. सिरिल प्रत्येक फ्रेममधील ताऱ्यांची रुंदी आणि गोलाई मोजून आलेख दाखवते. वाऱ्याच्या झटक्यातील, विरळ ढगातील आणि पहाटेच्या दवातील फ्रेम त्यात लगेच वेगळ्या दिसतात. साधारण दहातील एक फ्रेम काढावी लागली तर ते नेहमीचे समजावे, त्यात हळहळण्यासारखे काही नाही. एकत्रीकरण करताना विन्सोराइज्ड सिग्मा पद्धतीने टोकाचे पिक्सेल नाकारावेत. उपग्रह आणि विमाने यांच्या रेघा त्यामुळे पुसल्या जातात, पण त्यासाठी हाताशी किमान पंधरा-वीस फ्रेम हव्यात.

एकत्रित चित्र उघडल्यावर ते जवळजवळ पूर्ण काळे दिसते. ते रेषीय अवस्थेत आहे, म्हणजे पिक्सेलचा आकडा प्रकाशाच्या थेट प्रमाणात आहे, आणि याच अवस्थेत पुढील तीन कामे उरकावीत. प्रथम कडा कापाव्यात, कारण डिथरिंगमुळे त्या अपुऱ्या असतात. नंतर पार्श्वभूमीचा उतार काढावा. सोलापूरच्या उजेडामुळे चित्राची एक बाजू उजळ असतेच. रिकाम्या आकाशावर नमुना-चौकोन ठेवून तो उतार वजा करायचा असतो. प्रणालीने आपोआप ठेवलेले चौकोन तेजोमेघावर पडले असतील तर ते एकेक करून काढावेत, नाहीतर मृगाभोवतीची जी अंधुक धूळ टिपण्यासाठी आपण चार तास बसलो तीच उजेड समजून पुसली जाते. तिसरे काम रंगांचे. दुर्बिणीचे नाभीय अंतर आणि पिक्सेलचा आकार भरून प्लेट-सॉल्व्ह केले, म्हणजे चित्रातले तारे ओळखून त्याची आकाशातील जागा निश्चित केली, की प्रणाली ताऱ्यांना सूचीतील त्यांच्या मोजलेल्या रंगांशी ताडून संतुलन साधते. हे संतुलन डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये. क्षितिजाजवळून घेतलेल्या ओमेगा सेंटॉरीच्या चित्रात हवेमुळे आलेली पिवळट-तांबूस छटाही याने बरीच निघून जाते. त्या चित्रात आणखी एक दोष असतो: पंचवीस अंशांवर वातावरण लोलकासारखे काम करते आणि प्रत्येक ताऱ्याची एक कड लाल व दुसरी निळी दिसते. त्यासाठी लाल, हिरवा व निळा हे तीन स्तर वेगळे काढून एकमेकांवर पुन्हा जुळवावेत आणि मग एकत्र करावेत.

यानंतर चित्र ताणायचे, म्हणजे अंधुक भाग दिसतील अशा रीतीने उजळायचे. एका दमात ताणू नये. सिरिलमधील जनरलाइज्ड हायपरबोलिक पद्धतीने तीन-चार टप्प्यांत, प्रत्येक वेळी थोडे, असे करावे, आणि हिस्टोग्रामची डावी कड कधीही कापू नये. अवकाश शाईसारखे काळे दिसावे असा हट्ट धरला की तेजोमेघाच्या विरळ कडा त्याच काळ्यात जातात. पार्श्वभूमी गडद करडी ठेवावी.

तारे वेगळे करणारी स्टारनेट ही प्रणाली तेजोमेघांसाठी उपयोगी आहे: ताऱ्यांविना उरलेल्या चित्रातील मेघ अधिक ताणता येतो, आणि तारे मागाहून कमी तेजाने परत मिसळता येतात. दीर्घिकांसाठी ती जपून वापरावी, कारण दीर्घिकेच्या भुजांतील तेजस्वी गाठींना ती तारे समजून उचलते. तारकागुच्छासाठी वापरूच नये. मृगाच्या बाबतीत छोट्या एक्स्पोजरच्या फ्रेमचे स्वतंत्र चित्र तयार करून, गिंप या चित्र-संपादन प्रणालीत ते मुख्य चित्रावर मास्क (नको तो भाग झाकणारा थर) लावून केवळ गाभ्यापुरते उमटवावे. मास्कची कड पुरेशी मऊ ठेवली तर जोड दिसत नाही आणि चारही तारे वेगवेगळे उभे राहतात. नॉइज कमी करण्याचे साधन शेवटी आणि हलक्या हाताने वापरावे. मेण चोपडल्यासारखा गुळगुळीत तेजोमेघ दिसू लागला, की दोन पावले मागे यावे.

तयार चित्राबरोबरच कॅलिब्रेट केलेल्या सर्व मूळ फ्रेम, त्या रात्रीचे तापमान, गेन, एक्स्पोजरची लांबी, फिल्टर आणि कॅमेऱ्याचा कोन एका वहीत किंवा फाइलमध्ये नोंदवून जपून ठेवावेत. पुढच्या डिसेंबरमध्ये मृग पुन्हा त्याच जागी येईल तेव्हा कॅमेरा त्याच कोनात बसवून आणखी चार तास टिपता येतात, आणि सिरिल दोन्ही वर्षांच्या फ्रेम एकाच चित्रात जुळवून घेते.